सर्वकाळ

तिमाही पत्रक येतं तेव्हा म्हार्दोळात
बहुतेक वेळा वीज गेलेली असते.
मोबाइल डोळ्यांशी धरून वाचते:
फिनलंड, केबल, मध्यरात्रीनंतर, अकरा पैसे.
कोरिया, दातांचा दवाखाना, बाहेरची बाकं, एक रुपया चार.
देश अज्ञात, वापर अज्ञात, साडेतीन रुपये.
हा अज्ञात माझा सगळ्यात इमानी श्रोता.

माझ्या सुरावटींना नावं नसतात, नावासारखं काहीतरी असतं:
'आशादायी उद्योग सात', 'हसरी सकाळ, बिनशब्द',
'तणाव, सौम्य, साठ सेकंद'
आणि त्याचेच तीस, पंधरा, पाच सेकंदांचे तुकडे,
इसवण कापावा तसे. शेपटीलाही गिऱ्हाईक मिळतं.
मला ऐकायला कोणी बसत नाही.
कोणीतरी बोलत असतं, त्याच्या खाली मी असते.
तो श्वास घेतो तेवढी माझी जागा.

वहीत चारशे बारा ओळी:
कोणाकडे दिली, किती वर्षांसाठी, परत मागता येते का.
पहिल्या तीस ओळींपुढे 'कायमची' असं लिहिलंय,
माझ्याच अक्षरात.
तेव्हा स्कूटरचे हप्ते होते.

ओळ एकशे अठ्ठ्याण्णव: 'मातीची धाव'.
घुमट: पुनो गावडे. मानधन दोन हजार, एकदाच.
चवथीच्या आरत्या आटपून आला होता, बोटं सुजलेली.
मायक्रोफोनकडे बघून म्हणाला,
ह्याला कान आहे, तोंड नाही. बरा माणूस.
पंखा बंद, खिडकीला गोधडी,
तरी एक्केचाळिसाव्या सेकंदाला पोदेराचा भोंगा आत शिरलाच.
तोच टेक सगळ्यात चांगला होता. राहू दिला.

मग कागद वाचून दाखवला:
सर्व माध्यमांत, सर्व विश्वात, सर्वकाळ.
विश्वातच लिहितात वकील,
चंद्रावर वाजलं तरी सुटू नये म्हणून.
'सदांकाळ म्हळ्यार कितलो गो बाय?' पुनोने विचारलं.
मी हसले. तोही हसला.
आणि नाव काढलं, एकेक अक्षर,
मध्ये थांबून, पेन झटकून.

परवाच्या पत्रकात त्या ओळीपुढे
एक लाख अठरा हजार. पोलंड. विम्याची जाहिरात.
शोधून पाहिली.
बर्फात एक म्हातारा नातवाची सायकल धरून पळतो
आणि त्याच्या बुटांखाली पुनोची बोटं.
एक्केचाळिसाव्या सेकंदाला आमचा पोदेर.

पुनो जाऊन दोन चवथी झाल्या.
कागदानुसार मी कोणाचंच काही लागत नाही.
वाटा बदलता येईल का, प्रकाशकाला विचारलं.
येईल, म्हणाला, पण कशाला?

अर्जात रकाना: भूमिका.
संगीतकार, गीतकार, संयोजक, अनुवादक.
घुमटाला त्यात जागा नाही,
ज्या मांडावर तो ताल पुनोच्या बापाच्या हाती आला
त्या मांडाला क्रमांक नाही.
मी 'संगीतकार' लिहिलं. माझे पन्नास, त्याचे पन्नास.
खाली बारीक अक्षरात: मृत असल्यास दाखला जोडा.

रुक्मा, त्याची मुलगी, देवळासमोर जायांच्या कळ्या विकते.
मी हक्क म्हटलं, वाटा म्हटलं, माध्यम म्हटलं.
ती दोरा दातांनी तोडत ऐकत होती.
'बापायने पैसे घेतले होते ना?'
घेतले होते.
'मग हे कसले?'
त्याने एक प्रश्न विचारला होता, त्याचे,
असं ओठांवर आलं. बोलले नाही.
नियम आहे, म्हटलं. खोटंच.

तिसऱ्या खेपेला तिने पासबुक आणलं,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला तीन गाठी.
आणि माझ्या हातावर कळ्यांची पुडी ठेवली.
पैसे घेईना.
'रातीला फुलतील,' म्हणाली. 'फाल्यांक काही उरत नाही.'

रात्री वही काढून ओळ दुरुस्त केली.
'सर्वकाळ'वर पेन क्षणभर थांबलं,
खोडता येत नाही, ते माझ्या हातात नाही.
समासात एक नवा रकाना आखला:
भोंगा, एक सेकंद.
पोदेर आता दुसरा येतो. जुन्याचं नाव
पाववाल्या भट्टीवर विचारायचं आहे.